सासूबाईंचं बीट आणि गोळ्यांची पट्टी

"डॉक्टरबाई, माझं वय 36. वर्षभर झालं, पाळीत फार जातं, आठ-आठ दिवस. दोन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.2 निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्यांनी पोट साफ होईना आणि शौचाला काळं व्हायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या उष्ण पडतात, बंद कर. त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय की बीट हा आयुर्वेदातला रक्तवर्धक कंद आहे, त्याने मूलाधार चक्र जागं होतं, 40 दिवस पहाटे त्याचा रस तांब्याच्या पेल्यातून, लिंबू पिळून, देवीला दाखवून घ्यायचा. आज 19 वा दिवस. सासूबाई स्वतः पहाटे उठून बीट किसतात, फडक्यातून पिळतात, देवीपुढे ठेवतात आणि मग मला हाक मारतात. त्यांना बीपी आहे. उरलेला अर्धा पेला त्या घेतात. मला अजून जिना चढताना धाप लागते. आणि सांगायला लाज वाटते, पण लघवी लालसर होते. सासूबाई म्हणतात, दोष बाहेर पडतोय. हे खरंच आपल्या ग्रंथांत आहे का? चालू ठेवू का? नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडेल."
– एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

लघवीपासूनच सुरुवात करते. तुम्ही ते शेवटी, लाजत लिहिलंय आणि खरी धास्ती तिथेच आहे. ही लाली बहुधा बीटाचीच असावी. बीटाच्या तांबड्या रंगाला बीटानिन म्हणतात. बहुतेकांच्या पोटात तो मोडून जातो. शंभरातल्या दहा ते चौदा जणांत मात्र तो तसाच रक्तात शिरतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे पहाटे पेल्यात जे होतं तेच दुपारी दिसतंय, दोष वगैरे काही नाही. पण एक गोष्ट सासूबाईंच्या मेसेजमध्ये नक्की नसणार. ज्यांच्या अंगात लोह कमी असतं त्यांच्यात ही लाली जास्त जणांना दिसते. घरात ज्या खुणेवरून गुण येतोय असं म्हणतात, तीच खूण लोह अजून खाली असल्याची असू शकते.

खात्री करायला सोपं आहे. तीन दिवस बीट पूर्ण बंद ठेवा. रंग गेला तर विषय संपला. तरीही लालसर राहिली तर लघवीची तपासणी करून घ्या. मग तिला बीटाचं निमित्त द्यायचं नाही.

आता हिशेब. 100 ग्रॅम बीटात लोह असतं 0.8 मिलिग्रॅम. तुमच्या पेल्यात दोन मध्यम बीटं गेली असं धरलं तर दीड मिलिग्रॅमच्या आसपास. तुमच्या वयाच्या बाईला रोज 29 मिलिग्रॅम लागतं, आणि भाजीपाल्यातल्या लोहातलं शरीर उचलतं फार थोडं. सरकारी दवाखान्यात मोठ्या माणसांना जी लोहाची गोळी मिळते तिच्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं बीटातून घ्यायचं ठरवलं तर रोज साडेसात किलो बीट किसावं लागेल. सासूबाईंच्या मनगटाचा विचार करा! आणि हे झालं जमेच्या बाजूचं. खर्चाची बाजू अशी की निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, आणि तुमचं दर महिन्याला आठ दिवस जातंय. हौदाच्या तळाला भोक आहे आणि वरून आपण चमच्याने पाणी घालतोय.

तरी बीटाला अगदीच मोडीत काढणार नाही. त्यात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व चांगलं असतं, 100 ग्रॅम कच्च्या बीटात बाईच्या रोजच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. रक्त तयार व्हायला फोलेटही लागतं. पोलंडकडच्या आज्यासुद्धा अशक्त माणसाला आंबवलेल्या बीटाचं पाणी पाजतात. फोलेट कमी पडल्याने ज्यांचं रक्त उतरलं असेल त्यांना त्याचा थोडाफार उपयोग होतही असेल. तुमच्या बाबतीत पाळीत इतकं जातंय म्हटल्यावर आधी संशय लोहावरच येतो.

आपल्या ग्रंथांत आहे का, हा तुमचा मुख्य प्रश्न. नाही. चरक-सुश्रुतांना हा लाल गोल कंद माहीतच नव्हता. आपल्याकडे तो फार उशिरा आला, म्हणून त्याला धड मराठी नावही नाही. आपण म्हणतो ते 'बीट' इंग्रजीतलं आणि हिंदीतलं 'चुकंदर' फारसीतून आलेलं. या घराण्याचं मूळ भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात वाढणाऱ्या रानटी पालेभाजीत आहे. जुन्या काळी लोक मुख्यतः पानंच खात; गोल, लाल, गोडसर गड्डा युरोपात सोळाव्या शतकाच्या सुमाराला पुढे आला. (एक गंमत सांगते. आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांत 'पालक' म्हणून जी भाजी असते ती बऱ्याचदा बीटाचीच बहीण असते, शास्त्रीय नाव बीटा व्हल्गॅरिस, प्रकार बेंगालेन्सिस. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची 'ऑल ग्रीन' ही जात त्यातलीच. तेव्हा बीट घरात नव्यानेच आलंय असं सासूबाईंना वाटत असलं, तरी त्याची बहीण कधीचीच त्यांच्या डाळभाजीत नांदतेय.)

मात्र ज्यांच्या देशांत हे पीक जुनं, त्यांच्याकडे त्याचे खरे संस्कार आहेत, आणि ते मेसेजमधल्या चक्रांपेक्षा कितीतरी रंजक आहेत. रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की ग्रीसमधल्या डेल्फीच्या अपोलो देवळात भाज्यांच्या प्रतिकृती वाहिल्या होत्या : मुळा सोन्याचा, बीट चांदीचं आणि सलगम शिशाचं. म्हणजे बीटाला तिथे मान होता, पण दुसऱ्या नंबरचा. आणि आपण ज्याला ताकदीची खूण मानतो ते रोमन लोकांच्या लेखी मरगळीचं प्रतीक होतं. बादशहा ऑगस्टस मलूल होऊन पडण्याला 'बेटिझारे' म्हणायचा, म्हणजे बीटासारखं लुळं पडणं, शिजलेल्या पानांवरून. जिना चढताना तुमची होते तीच अवस्था.

ज्यूंच्या तालमुदमध्ये शिजवलेली बीटाची भाजी हृदयाला बरी, डोळ्यांना चांगली आणि आतड्यांना तर विशेषच, असं म्हटलंय. त्याच ग्रंथात नव्या वर्षाच्या सणाला दुधी, मेथी, कांद्याची पात, बीटाची पानं आणि खजूर पुढ्यात घ्यावेत असं सांगितलंय. बीटाला त्यांच्या भाषेत 'सिल्का' म्हणायचे. त्याच्याशी जुळणाऱ्या 'निघून जाणे' या शब्दावर श्लेष करून, शत्रू निघून जावोत, अशी प्रार्थना म्हणतात. आपण तिळगूळ देताना गोड बोला म्हणतो, त्याच जातीचं हे. मुस्लिम परंपरेत एक हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण सांगणारी नोंद, आहे. हजरत अली आजारातून नुकते उठले होते आणि खजूर खायला लागले. पैगंबरांनी त्यांना थांबवलं, अजून अंगात अशक्तपणा आहे म्हणाले. मग यजमानीण बाईने सातू आणि 'सिल्क' म्हणजे बीटाची भाजी एकत्र शिजवून आणली, तेव्हा म्हणाले, हे घे, हे तुला मानवेल. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती सरळ पथ्याची आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला हलकं काय द्यावं हे कोणत्याही घरच्या मोठ्या बाईला कळतं तसं. आणि पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण बिनमांसाचं असतं, त्यात बीटाचं लालभडक आंबट सार असतं, आत मशरूम भरलेले, कानाच्या आकाराचे छोटे उंडे. तो त्यांचा उपासाचाच पदार्थ म्हणायचा.

या साऱ्या गोष्टी वाचताना एक जाणवतं. जिथे बीट औषध म्हणून दिलं तिथे ते पोटासाठी आणि आजारातून उठलेल्यांसाठी, शिजवून, जेवणात दिलं. जिथे ते देवाच्या नावाने खाल्लं तिथे इच्छा म्हणून खाल्लं. आपण पाडव्याला कडुलिंबाचं पान चावतो, ते काही तापाच्या गोळीऐवजी नव्हे. नैवेद्य नैवेद्याच्या जागी, मात्रा मात्रेच्या जागी. तुमच्याकडच्या मेसेजने दोन्हींची गल्लत केलीय, आणि वर आयुर्वेदाची मोहोर मारलीय.

मूलाधाराचं थोडक्यात. षट्चक्रांचं वर्णन करणाऱ्या सोळाव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मूलाधाराच्या पाकळ्या तांबड्या आहेत हे खरं, पण त्यातला पृथ्वीचा चौकोन पिवळा आहे. आणि हृदयाजवळचं अनाहत, जे हल्लीच्या तक्त्यांत हिरवं रंगवतात, ते तिथे दुपारी नावाच्या फुलासारखं लाल सांगितलंय. इंद्रधनुष्याच्या क्रमाने सात चक्रं आणि प्रत्येकाला जुळणारी भाजी, हे विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य पुस्तकांचं देणं. कुणी त्यावर ध्यान करत असेल तर करू दे, पण ते ऋषींच्या नावावर खपवू नये.

लाल म्हणून रक्त वाढवतं, हे तर्कटही आपलं एकट्याचं नाही. युरोपात पॅरासेल्सस या वैद्याच्या काळात, सोळाव्या शतकात, वस्तू ज्या अवयवासारखी दिसते त्या अवयवाचं ती औषध, असं मानायचे. अक्रोड मेंदूला, तसं. ऐकायला गोड वाटतं. पण मग टोमॅटो आणि कुंकवानेही रक्त वाढायला हवं होतं.

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करायचे तेव्हाची एक बाई डोळ्यांपुढे आहे. बाळंत होऊन चार महिने झालेले, ओठ पांढरेफटक, नवऱ्याच्या हातात बीटाच्या रसाची बाटली. 'रोज देतोय हो', म्हणाला बिचारा. हिमोग्लोबिन 4 निघालं, रक्त चढवावं लागलं. त्या माणसाच्या काळजीत काहीच कमी नव्हतं. बाटलीवर विसंबून राहिल्यामुळे चार महिने वाया गेले, एवढंच. अख्ख्या देशाचं असं झाल्याचं उदाहरणही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग एड्सच्या रुग्णांना लसूण, लिंबू आणि बीट सांगत आणि औषधांबद्दल शंका घेत. 2006 साली टोरांटोच्या जागतिक एड्स परिषदेत त्यांच्या देशाच्या दालनात या भाज्या मांडल्या होत्या. लोक त्यांना 'डॉक्टर बीटरूट' म्हणायला लागले. औषधं वेळेवर न दिल्याने 2000 ते 2005 या काळात तिथे 3,30,000 हून अधिक माणसं गेली, असा अंदाज नंतर हार्वर्डच्या संशोधकांनी मांडला. त्यात बीटाचा काही दोष नव्हता. ते औषधाच्या खुर्चीत बसवलं गेलं, हा दोष.

बरं, तांब्याचा पेला. तो आजच बदला. ताक किंवा आमटी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवली की कळकते, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. लिंबू पिळलेला रस तांब्यात ठेवून देवीपुढे आरती होईपर्यंत राहिला की तेच होतं. तांबं रसात उतरतं आणि मळमळ, पोटदुखी सुरू होते. देवीला स्टीलचा पेला चालतो. कुणी हट्टच धरला तर चांदीचा घ्या, डेल्फीला शोभेल.

उपासाला बीट चालतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहाटेच्या रसाचा मंगळवारशी कुठेतरी संबंध येईलच म्हणून सांगते. मनुस्मृतीत झाडाचा लाल डिंक वर्ज्य सांगितलाय, त्यावरून काही घरांत लाल ते नको अशी रीत पडली असेल. जैन घरांत कंद म्हणूनच नको. बाकी ज्याचं त्याच्या घरचं. यात डॉक्टरने पडू नये.

आता तुम्ही काय करायचं. गोळ्या पुन्हा सुरू करा, पण आधी ज्यांनी दिल्या त्यांना भेटून, बद्धकोष्ठाचं सांगून. लोहाच्या गोळ्या वेगवेगळ्या क्षारांच्या मिळतात, एक सोसली नाही तर दुसरी सोसते. काहींना दिवसाआड दिलेली बरी पडते. हे त्यांनाच ठरवू द्या. शौचाला काळं होणं हे लोहाचं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. मात्र डांबरासारखं चिकट आणि फार घाण वास येणारं झालं तर लगेच सांगा. उपाशीपोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्यासोबत. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळेला. पाणी भरपूर प्या, रात्री इसबगोल घेतलंत तरी चालेल. घरात लहान मूल असेल तर पट्टी कुलपात. मोठ्यांच्या लोहाच्या गोळ्या मुलांनी गिळल्या तर जिवावर बेतू शकतं, हे गंमतीने घेऊ नका.

गोळ्या नीट लागू पडल्या तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोनने चढलेलं दिसायला हवं. चढलं नाही तर लोहाचा साठा आणि थॅलेसीमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा गुण आहे का हे तपासावं लागेल. चढलं म्हणून लगेच थांबायचंही नाही. साठा भरायला पुढे साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. इथेच बऱ्याच बायका चुकतात. बरं वाटलं की पट्टी कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच धाप.

आणि हौदाचं भोक. वर्षभर इतकं का जातंय हे कुणी पाहिलंय का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, सोनोग्राफी करा, थायरॉइड तपासा. कधी गर्भाशयात गाठ असते, कधी संप्रेरकांचा गोंधळ असतो. बहुतेक कारणांवर उपाय आहेत. तासाला पॅड बदलावा लागत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत धडधड होऊन चक्कर येत असेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जेवणात बीट जरूर ठेवा. उकडून, दाण्याचं कूट घालून, वर हिंग-मोहरीची फोडणी, दही हवं तर घाला. कोशिंबिरीचा तो गुलाबी रंग बघून मुलंही खातात. पण लोहासाठी हळिवाचे लाडू, बाजरी, हिरव्या पालेभाज्या, चालत असेल तर कलेजी, आणि सगळ्यावर लिंबाची फोड. घरात कुणाला मुतखडा असेल तर त्याने बीट आणि त्याची पानं बेताने खावीत.

सासूबाईंचं मन. माझ्याकडे एक युक्ती आहे, आणि ती खरी आहे म्हणून सांगते. हा रस तुमच्यापेक्षा त्यांच्या कामाचा आहे. बीटातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जंतू रूपांतर करतात आणि त्यातून रक्तवाहिन्या सैलावणारा वायू तयार होतो. लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीत बीपी असलेल्या लोकांनी चार आठवडे रोज 250 मिलिलिटर रस घेतला तेव्हा वरचा आकडा सरासरी 8 ने आणि खालचा 4 ने उतरला. तुम्हाला अशक्तपणाने आधीच धाप लागते. बीपी उतरवणारा पेला तुम्हाला उलट नको. तेव्हा त्यांना सांगा, आई, डॉक्टरबाई म्हणतात बीट तुमचं आणि गोळी माझी. एवढी अट मात्र घाला की त्यांच्या बीपीच्या गोळ्या एकही चुकायची नाही, रसाचं त्यांच्या डॉक्टरांना सांगायचं, आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा साखर असेल तर त्यांना विचारल्याशिवाय पेला भरायचा नाही. बीटात पोटॅशियम आणि साखर दोन्ही असतात.

पहाटेची पूजा मोडू नका. देवीपुढे त्यांचा पेला ठेवतील त्याच्या शेजारी तुमची गोळ्यांची पट्टी ठेवायला त्यांनाच सांगा, आणि हाकही त्यांनीच मारू दे. 19 दिवस पहाटे उठणारी बाई गोळी चुकवू देणार नाही. महिन्याने रक्त तपासायला दोघी मिळून जा, त्यांचं बीपी तिथेच मोजून घ्या आणि दोन्ही आकडे मला कळवा.